अर्धवट राहिलेले अकरा कोर्स

"सगळं फुकट मिळतंय, तरी माझ्याच्यानं पूर्ण होत नाही. माझ्यातच काहीतरी कमी आहे." हे मी आजवर इतक्या जणांकडून ऐकलंय! रेवतीही (नाव बदललं आहे) हेच घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आली होती. अकरा मोफत ऑनलाइन कोर्स, पूर्ण एकही नाही.

पहिल्या दोन भेटी स्वतःला आळशी ठरवण्यात गेल्या. मी ते खोडून काढलं नाही. तिसऱ्या भेटीला तिला लॅपटॉप आणि वही आणायला सांगितलं. संख्याशास्त्राच्या कोर्ससमोरची हिरवी पट्टी २२ टक्क्यांवर थांबली होती.

"इथे का थांबलात?"

"कंटाळा आला."

"त्या दिवशी नेमकं काय झालं होतं?"

तिने वही उघडली. शेवटच्या पानावर पेन्सिलने मांडलेलं एक गणित, तीनदा खोडलेलं, शेजारी मोठं प्रश्नचिन्ह. बराच वेळ ती त्या पानाकडे बघत राहिली. मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मी फार कष्टाने शिकलेय. मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, कंटाळा नव्हता आला. विचारायला कोणी नव्हतं."

तिथून सगळं बदललं. मी तिला सांगितलं, २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक सर्किट्सच्या मोफत ऑनलाइन कोर्सला सुमारे १ लाख ५५ हजार जणांनी नावं नोंदवली, प्रमाणपत्र मिळालं ७,१५७ जणांना. बहुतेकांनी पहिला गृहपाठही सोडवला नव्हता. "मग बाकीचे सगळे आळशी?" मी विचारलं. ती पहिल्यांदाच हसली.

वय, पदवी, पैसा काहीही न विचारता दार उघडं ठेवणं ही या शिक्षणाची थोरवी आहे, आणि मला तिचं मनापासून अप्रूप आहे. पण व्हिडिओ फुकट मिळाला तरी अडलेलं सोडवणारे शिक्षक, शेजारच्या बाकावरची मैत्रीण, ठरलेली वेळ त्याच्यासोबत येतेच असं नाही. ही सोबत आपण जमवायची असते.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांना मानणारी. माझ्या मते माणसाला अर्धवट कोर्स छळत नाही, 'सुरू केलं की संपवलंच पाहिजे' हा हट्ट छळतो. आम्ही यादी तपासली. आठ कोर्स नुसत्या उत्सुकतेपोटी घेतलेले. दोन कोर्समधून हवं तेवढं ती शिकून बसली होती, म्हणजे तिचं काम झालेलं होतं! खरा राहिला तो एकच, संख्याशास्त्राचा.

तुमचीही यादी अशीच असेल, तर प्रत्येक कोर्ससमोर 'हा मला कशासाठी हवा' हे एका ओळीत लिहा. ओळ सुचली नाही तर तो बिनदिक्कत काढून टाका. जो उरेल, त्याचा पुढचा व्हिडिओ लावण्याआधी एक सोबती शोधा. रोज तासभर बसण्याचे संकल्प फार टिकत नाहीत. आठवड्यातून एकदा कुणीतरी आपली वाट पाहत असेल, तर पाय आपोआप वळतात. प्रमाणपत्रासाठी पैसे भरणार असाल, तर जिथे ते दाखवायचंय तिथे चालतं का, हे आधी विचारून घ्या.

रेवतीने दहा कोर्स काढून टाकले आणि तिचं अडलेलं गणित कोर्सच्या चर्चेच्या पानावर टाकलं. पुढच्या भेटीत तिने तीच वही माझ्यासमोर ठेवली. प्रश्नचिन्हाशेजारी शाईने उत्तर लिहिलेलं होतं, आणि त्याखाली नवा प्रश्न.