वळवाआधी हॅम स्टेशन: वाचकांचे प्रश्न

शॉर्टवेव्हवर स्वतःचा ट्रान्समीटर बांधणं आणि तो चालता ठेवणं, या विषयावर कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. बऱ्याच पत्रांत चौकशी वॅटची आहे. दोष मात्र बहुतेक वेळा अँटेना, केबल किंवा अर्थिंगमध्येच सापडतो, म्हणून तिथं जास्त जागा दिली आहे.

प्रश्न (राजारामपुरी): आम्ही चौघं मित्र शॉर्टवेव्हवर छोटं केंद्र काढायचं म्हणतोय. गाणी, गुळाचे भाव, गावच्या बातम्या देऊ. २० वॅट पुरतील का?

उत्तर: वॅटच्या आधी परवाना बघा. आपल्याकडे खासगी व्यक्तीला शॉर्टवेव्हवर कार्यक्रम प्रसारित करता येत नाहीत. गावासाठी बोलायचं असेल तर कम्युनिटी रेडिओ आहे. तो एफएमवर चालतो, परवाना संस्थेला मिळतो आणि बातम्यांवर तिथंही बंधनं आहेत. ट्रान्समीटर बांधण्याचीच हौस असेल तर हौशी रेडिओकडे, म्हणजे हॅमकडे वळा. दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल असे दोन वर्ग आहेत. जनरलला मिनिटाला ८ शब्दांच्या वेगानं मोर्स यावं लागतं. हॅमवर गाणी आणि धंद्याची बोलणी चालत नाहीत. परवाना येईपर्यंत ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा पट्टा लोअर साइडबँडवर (रिसीव्हरच्या ‘एलएसबी’ पद्धतीवर) ऐकत राहा. कोण कसं बोलतं, कधी थांबतं, हे तिथंच कळतं.

प्रश्न (शिरोली): परवाना आहे. ७ मेगाहर्ट्झचं, आयआरएफ ५१० या मॉसफेटवर (सिग्नलला शक्ती देणाऱ्या ट्रान्झिस्टरवर) चालणारं किट बांधलं. दोन मॉसफेट जळाले. सप्लाय १२ व्होल्टचाच आहे, मग का जातात?

उत्तर: पहिल्यांदा माइका, म्हणजे मॉसफेटखालची वीज अडवणारी पातळ चकती, बघा. आयआरएफ ५१० चा धातूचा कान आतून ड्रेनला, म्हणजे सप्लाय येतो त्या पायाला, जोडलेला असतो. हीटसिंक चॅसिसला टेकलेला आणि मधे माइका नाही, किंवा स्क्रूची प्लॅस्टिक बुश फाटलेली, की सप्लाय सरळ शॉर्ट. कान आणि हीटसिंक यांच्यामधे मल्टिमीटर लावा. बीप वाजता कामा नये. हीटसिंकच्या भोकाची धार कानशीनं मोडून घ्या, नाहीतर तीच माइका कापते.

माइका ठीक असेल तर संशय बायसवर, म्हणजे गेट या पायाला दिलेल्या कायमच्या व्होल्टेजवर. बरेच जण ते ठरवणारा ट्रिमर (छोटा फिरवायचा रेझिस्टर) मधोमध ठेवून सप्लाय चालू करतात. हा मॉसफेट गेटवर २ ते ४ व्होल्टच्या दरम्यान कुठंतरी वाहू लागतो आणि प्रत्येक नगाचा आकडा वेगळा असतो. म्हणून जुन्या नगावर लावलेला ट्रिमर नव्या नगाला मारक ठरू शकतो. नग बदलला की ट्रिमर शून्य व्होल्टवर आणा, ड्रेनच्या वाटेत अँपिअरमीटर घाला, माइक बंद ठेवून पीटीटी (बोलायचं बटण) दाबा आणि ट्रिमर अगदी सावकाश फिरवत १०० मिलिअँपिअरवर थांबा. काटा सावकाश चढण्याऐवजी एकदम उडी मारत असेल तर मॉसफेट स्वतःच दोलन करतोय. गेटच्या अगदी पायाशी १० ओहमचा रेझिस्टर घाला, तारा आखूड करा, इनपुट आणि आउटपुटचे टॉरॉइड (कडीवर गुंडाळलेल्या कॉइल) एकमेकांपासून दूर न्या.

हे सगळं डमी लोडवरच, म्हणजे अँटेनाच्या जागी लावलेल्या रेझिस्टरवर, करायचं, अँटेनाशिवाय किंवा मोकळ्या सॉकेटवर कधीच नाही. डमी लोड घरी होतो: १ किलोओहम, २ वॅटचे २० रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम, ४० वॅट. कार्बन किंवा मेटल फिल्म घ्या. वायरवाउंड घेतले तर त्यांचं वेटोळं ७ मेगाहर्ट्झला कॉइलसारखं वागतं. त्याला डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून शिखर व्होल्टेज मोजा. वर्ग करून १०० नं भागलं की वॅट मिळतात. २६ व्होल्ट म्हणजे पावणेसात वॅट, या किटला तेवढे उत्तम.

लो-पास फिल्टरही तपासा. तो नीट नसेल तर १४.२ मेगाहर्ट्झवर तुमचा दुसरा हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सीचा नको असलेला सिग्नल) फिरत राहतो. ४० मीटरला चालणारं एक माप असं: पिवळ्या टी ३७-६ टॉरॉइडवर २१, २४ आणि २१ फेरे, कपॅसिटर २७०, ६८०, ६८० आणि २७० पिकोफॅरड, सगळे एनपीओ (तापले तरी माप न बदलणारे). तार भोकातून एकदा गेली की एक फेरा धरायचा.

प्रश्न (गगनबावडा): मे महिन्यात एसडब्ल्यूआर (अँटेनाची जुळणी सांगणारा आकडा, १ सगळ्यात चांगला) १.८ होता. पाऊस लागल्यावर तो आपोआप १.२ झाला. पण पुण्याचे हॅम म्हणतात, सिग्नल पार ढासळलाय. मीटर बिघडलं का?

उत्तर: मीटर बरोबर आहे, केबलमधे पाणी गेलंय. मीटर तुम्ही रिगजवळ (रेडिओ संचाजवळ) लावता. तिथून निघालेली शक्ती केबलमधून वर जाते, जुळणी नसेल तेवढी परत फिरते आणि केबलमधूनच खाली येते. भिजलेली केबल तिला जाताना खाते आणि येतानाही खाते. परत येणारं काहीच उरलं नाही की मीटर खूश. एसडब्ल्यूआर पावसात कारण नसताना सुधारला, तर त्याला बिघाडच समजा. तुमच्याकडच्या पावसात तर हे हमखास होतं.

खात्री करायला केबल अँटेनापासून सोडवा, वरचं टोक मोकळं ठेवा आणि खालून अँटेना अ‍ॅनालायझरनं ७.१ वर एसडब्ल्यूआर मोजा. ही चाचणी रिगच्या पॉवरवर करू नका. इथं आकडा जितका मोठा तितकी केबल चांगली. त्यातून १ वजा केलेली संख्या, १ मिळवलेल्या संख्येनं भागली, की वर पोचणारा वाटा निघतो. आकडा ७ असेल तर ६ भागिले ८, म्हणजे पाऊण शक्ती पोचते. ३ असेल तर निम्मी केबलमधेच जाते. आरजी ५८ या बारीक केबलवर, ३० मीटर सुकी असेल तर, ७-८ दिसायला हवा, आरजी २१३ या जाड केबलवर बराच जास्त.

भिजलेली केबल वाळवून उपयोग नाही. पाणी केबलच्या बाहेरच्या जाळीच्या तारांमधून केशाकर्षणानं मीटर-मीटर आत सरकतं आणि तांबं काळं पडतं. टोक सोलून बघा, जाळी काळी असेल तर लखलखीत तांबं लागेपर्यंत कापा. दोन-तीन मीटर कापूनही काळीच निघाली तर केबल टाकून द्या.

नवी बसवताना मधल्या इन्सुलेटरपाशी जाळी आणि गाभा वेगळे होतात ती जागा सगळ्यात नाजूक धरा. आधी ताणून चिकटणारी रबरी सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप, अर्धा थर अर्ध्यावर घेत, खालून वर गुंडाळा. म्हणजे थर कौलांसारखे बसतात आणि पाणी निथळतं. त्यावर उन्हापासून रक्षणासाठी पीव्हीसी टेप. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. बलूनच्या (केबल आणि अँटेना जुळवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) डबीला तळाशी बारीक भोक हवंच, कारण आत साठणारं दव कुठंतरी गेलं पाहिजे. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या.

आता तो १.८ सुद्धा उतरवून टाका. ७.१ मेगाहर्ट्झला डायपोलची (मधोमध केबल जोडलेल्या दोन तारांच्या अँटेनाची) लांबी १४३ भागिले ७.१, म्हणजे सुमारे २०.१४ मीटर. प्रत्येक बाजू १०.४ मीटर कापून सुरुवात करा. एका बाजूला १० सेंटिमीटर कमी केले, दुसऱ्या बाजूलाही तेवढेच, की अनुनादाची फ्रिक्वेन्सी सुमारे ७० किलोहर्ट्झनं वाढते. घरातल्या वायरिंगची पीव्हीसी तार वापरली असेल तर ती दोन-तीन टक्के आखूड लागते. शिवाय मऊ तांबं ताणलं की लांबतं, म्हणून आठवडाभर वाऱ्यात राहू द्या आणि मगच शेवटचं माप घ्या. पुणे, गोवा, बेळगाव हे दिवसा गाठायचं असेल तर उंची ७-८ मीटर पुरते. लहरी सरळ वर जाऊन वातावरणाच्या वरच्या थरावरून खाली परततात. त्यासाठी उंच मनोरा उभारायची गरज नाही.

प्रश्न (शिरोळ): काळ्या रानात एक रॉड ठोकलाय. उन्हाळ्यात अर्थिंग लागत नाही. वीज आणि पूर, दोन्हीची भीती आहे.

उत्तर: काळी माती वाळली की आक्रसते आणि रॉडभोवती फट पडते. एकाऐवजी ३ मीटरचे तीन रॉड, एकमेकांपासून निदान ३ मीटरवर, उघड्या तांब्याच्या पट्टीनं जोडा आणि एप्रिल-मेमधे पाणी घालत राहा. रेडिओचं अर्थिंग घराच्या अर्थिंगला जोडलेलंच हवं. दोन वेगळी ठेवली तर जवळ वीज पडल्यावर दोन्हीतला व्होल्टचा फरक तुमच्या रिगमधून वाट काढतो. पन्हाळ्याकडे जांभ्यावर रॉड आत जात नाही. तिथं उथळ चर खणून पट्टी आडवी पसरा.

वळवाचे ढग दिसले की केबल आणि सप्लाय दोन्ही काढा आणि केबलचं टोक खोलीबाहेर ठेवा. सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत नेणारा) जरूर लावा, पण त्याच्या भरवशावर केबल जोडलेली ठेवू नका. मास्ट (अँटेनाचा खांब) महावितरणच्या तारांपासून इतका लांब हवा, की पडला तरी त्यांना शिवणार नाही.

२०१९ चा पूर आठवा आणि बॅटरी वरच्या मजल्यावर न्या. १०० वॅटची रिग बोलताना २०-२२ अँपिअर ओढते आणि ११.७ व्होल्टखाली बहुतेक रिग अडखळतात. बॅटरीपासून दोन मीटर अंतराला २.५ चौरस मिलिमीटरची जोडतार साधारण ०.६ व्होल्ट खाते, ६ ची त्याच्या निम्म्याहून कमी. फ्यूज बॅटरीच्या टोकापाशी बसवा.

प्रश्न (शाहूपुरी): संध्याकाळी रिगच्या सिग्नल-मीटरवर एस ९ इतका, म्हणजे जोरदार सिग्नलएवढा, गोंगाट असतो. उपाय?

उत्तर: रिग बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच पाडा. गोंगाट गेला तर दोषी घरातच आहे. एकेक एमसीबी चढवत शोधा. एलईडी दिवे, स्वस्त चार्जर आणि सोलर इन्व्हर्टर हे नेहमीचे. सापडलेल्या वस्तूच्या वायरला मिक्स ३१ या मिश्रणाचा फेराइट (गोंगाट अडवणारी चुंबकीय कडी) लावा, पण वायर त्यातून नुसती एकदा ओवून ७ मेगाहर्ट्झला फारसा फरक पडत नाही. अडथळा फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो, म्हणून मोठा कोअर घ्या आणि सात-आठ फेरे बसवा.