संगणक शंका-समाधान : दगा चिपसेट देतो की बोर्ड?

प्रश्न : नवा पीसी असेंबल करायचा आहे. चिपसेट इंटेलचा जास्त टिकतो की एएमडीचा? दुकानदार म्हणतो, बी६५० घेण्यापेक्षा एक्स६७० घ्या, आयुष्य जास्त. खरं आहे का? (वाचक, सांगली)

चिपसेट म्हणजे यूएसबी, डिस्क वगैरे प्रोसेसरशी जोडणारी मदरबोर्डावरची चिप. बी६५० आणि एक्स६७० ही दोन्ही एएमडीचीच नावं. दुकानदाराचं म्हणणं तेवढं सोडून द्या. बी६५० बोर्डावर जी चिप असते, तीच एक्स६७०वर असते. फक्त तिथे एकीच्या जागी दोन, एकीमागे एक जोडलेल्या. त्यामुळे यूएसबीची आणि डिस्क जोडायच्या सॅटा व एम.२ जागांची सोय वाढते, टिकाऊपणा नाही.

कंपनीच्या नावावरूनही निकाल लागत नाही. पाहायचं ते कोणती चिप आणि तिची कितवी आवृत्ती. याचा सगळ्यात स्वच्छ दाखला इंटेलचाच आहे. जानेवारी २०११मध्ये सँडी ब्रिज प्रोसेसरसोबत पी६७ आणि एच६७ हे चिपसेट आले आणि ३१ जानेवारीला इंटेलला त्यांची विक्री थांबवावी लागली. सॅटाच्या ३ गिगाबिटवाल्या चार पोर्टांना घड्याळ-संकेत पुरवणाऱ्या भागात एक ट्रान्झिस्टर सोसवेल त्यापेक्षा जास्त व्होल्टेजवर चालत होता. त्यातून गळती वाढत जायची, आधी डेटामध्ये चुका, मग डिस्कच दिसेनाशी. ६ गिगाबिटचे ० आणि १ क्रमांकाचे पोर्ट मात्र ठणठणीत. सदोष चिप 'बी२' स्टेपिंगची (म्हणजे आवृत्तीची), सुधारलेली 'बी३'. आजही जुन्या बाजारात असा बोर्ड मिळाला तर सीपीयू-झेड या प्रोग्रामच्या मेनबोर्ड टॅबमध्ये साउथब्रिजसमोर (म्हणजे याच चिपसेटसमोर) काय लिहिलंय ते वाचा. बी२ असेल आणि बोर्ड फुकटात पडत असेल, तर डिस्क पहिल्या दोन पोर्टांना लावून तो खुशाल वापरा.

एएमडीकडे एक्स५७०ची गोष्ट वेगळी. पीसीआय एक्सप्रेस ४मुळे (कार्डं आणि एसएसडी जोडणाऱ्या मार्गाची ही चौथी पिढी, म्हणजेच 'जेन ४') तो चिपसेट ११ वॉटच्या आसपास वीज खातो, म्हणून बहुतेक बोर्डांवर त्याच्या डोक्यावर चिमुकला पंखा बसवला. चिप टिकते, पंख्याचं बेअरिंग आधी वाजायला लागतं. ग्राफिक्स कार्ड बऱ्याच बोर्डांवर नेमकं त्याच्यावरच आडवं येतं, त्यामुळे गरम हवा आणि धूळ दोन्ही त्यालाच. २०२१मध्ये ५०० मालिकेच्या बोर्डांवर यूएसबी मध्येच तुटायच्या तक्रारी होत्या. त्यावर बायोसच्या (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटने उतारा मिळाला, बोर्ड बदलावा लागला नाही. तेव्हा जुना ५०० मालिकेचा बोर्ड घेतला की पहिलं काम बायोस अपडेट.

कित्येकदा चिपसेटच्या माथी भलत्याचंच पाप मारलं जातं. झेड४९० चिपसेटच्या काळातल्या बोर्डांवर इंटेलची आय२२५-व्ही ही नेटवर्क चिप असायची. तिच्या पहिल्या आवृत्तीचं काही राउटर-स्विचांशी जमत नसे आणि २.५ गिगाबिटवर कनेक्शन तुटे. वेग १ गिगाबिटवर बांधला की थांबे. लोक बोर्ड परत करत होते.

मग बोर्ड निवडताना पैसे कशावर घालायचे? व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला वीज देणाऱ्या सर्किटवर. तिथे हीटसिंक नसलेल्या एच६१० (इंटेल) किंवा ए६२० (एएमडी) बोर्डावर जास्त वॉटचा प्रोसेसर बसवला की मॉसफेट, म्हणजे या सर्किटमधले ट्रान्झिस्टर, तापतात आणि वेग खाली येतो. मेच्या उन्हात तर हमखास.

प्रश्न : गेम खेळताना स्क्रीन काळी होते, कधी चौकोनी ठिपके येतात. कार्ड गेलं की बोर्ड? (वाचक, नाशिक)

ठिपके बायोसच्या स्क्रीनवरही दिसतात का ते आधी बघा. तिथे दिसत असतील तर ड्रायव्हरचा संबंध नाही, कार्डाच्या मेमरीवर संशय घ्या. विंडोजमध्येच येत असतील तर त्या क्षणी स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर उघडा. चित्रात ठिपके असतील तर कार्ड किंवा ड्रायव्हर, चित्र स्वच्छ असेल तर केबल, पोर्ट किंवा मॉनिटर.

आता बोर्डाकडे. मुख्य ग्राफिक्स स्लॉटच्या १६ लेन (डेटाच्या वाटा) थेट प्रोसेसरमधून येतात, चिपसेटमधून नाहीत. जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडा, बस इंटरफेससमोरच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट चालू करा (रिकाम्या वेळी लिंकचा वेग मुद्दाम खाली उतरतो, त्याने फसू नका). एक्स१६च्या जागी एक्स८ (म्हणजे १६ऐवजी ८ लेन) दिसलं आणि कार्ड मुळात एक्स१६चं असेल, तर कार्ड काढा, सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा नीट दाबून बसवा. कार्ड दुसऱ्या पीसीत एक्स१६ दाखवत असेल तर या पीसीच्या प्रोसेसर सॉकेटमध्ये वाकलेली पिन शोधा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डब्ल्यूएचईए-लॉगर' (हार्डवेअरच्या चुका टिपणारा) १७ क्रमांकाच्या नोंदींची रांग दिसत असेल तर लिंकवर चुका होत आहेत. जेन ३ची रायझर केबल (कार्ड स्लॉटपासून दूर बसवण्यासाठीची) लावून जेन ४चं कार्ड चालवणाऱ्यांकडे हे फार दिसतं. बायोसमध्ये स्लॉट 'ऑटो'वरून 'जेन ३'वर आणा, थांबलं तर दोष केबलचा.

कार्ड आणि लिंक दोन्ही ठीक, तरी काळी स्क्रीन? मग पॉवर. स्लॉट ७५ वॉट देतो, ८ पिनचा कनेक्टर १५०. एकाच केबलची दोन तोंडं कार्डात खुपसली असतील तर पीएसयूपासून (पॉवर सप्लायपासून) दोन स्वतंत्र केबल ओढा. १६ पिनचा १२ व्हीएचपीडब्ल्यूआर कनेक्टर असेल तर 'टक्' होईपर्यंत दाबा, आणि प्लगपासून साधारण साडेतीन सेंटिमीटरपर्यंत केबल वाकवू नका. २०२२मध्ये आरटीएक्स ४०९०चे प्लग वितळल्याची जी प्रकरणं गाजली, त्यांत अर्धवट बसलेला प्लग हे मोठं कारण निघालं.

आणि एकाच वेळी सॅटा डिस्क गायब, मागचे यूएसबी बंद, दुसऱ्या एम.२ स्लॉटमधला एसएसडी दिसत नाही, पण प्रोसेसरला जोडलेला पहिला एम.२ चालतोय, असं चित्र असेल तर मात्र चिपसेटच. ते दुरुस्तीला नेण्यात अर्थ नाही, वॉरंटीत असेल तर आरएमए करा, म्हणजे कंपनीकडे परत पाठवा.

प्रश्न : बंद पडलेलं कार्ड ओव्हनमध्ये भाजलं की चालू होतं म्हणतात. करून पाहू? (वाचक, पणजी)

नको. कार्ड काही आठवडे चालतं हे खरं, पण बोर्डावरचं शिसेविरहित सोल्डर २१७ अंश सेल्सिअसच्या वर वितळतं आणि लोक भाजतात २००वर. म्हणजे ते वितळतच नाही. उष्णतेने चिपखालच्या सूक्ष्म गोळ्यांमधली भेग तात्पुरती मिटते, इतकंच. २००८मध्ये एनव्हिडियाला लॅपटॉपच्या जी८४ आणि जी८६ चिपांपायी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली ती याच जागेच्या दोषामुळे: तापणं-निवणं वारंवार झालं की गोळ्या तडकायच्या. तिथला इलाज नवी चिप, गरम हवा नव्हे. शिवाय ज्या ओव्हनमध्ये प्लास्टिक आणि फ्लक्स भाजलं, त्यात परत केक करायचा आहे का?