वीज आली, संगणक सुरू झाला, सर्व्हिस मात्र बंदच
वाचकांचे प्रश्न : लिनक्स

(या सदरात आज्ञा आणि फायलींची नावे उच्चाराप्रमाणे छापली आहेत, टर्मिनलवर ती रोमन लिपीत टंकावीत.)

प्रश्न : आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची डेबियन १२ असलेल्या संगणकावर आहे आणि अपाचे या वेब सर्व्हरमार्फत (पाने इतर संगणकांना पुरवणाऱ्या प्रोग्राममार्फत) ती इमारतीतील इतर चार संगणकांवर दिसते. वीज जाऊन परत आली की संगणक आपोआप सुरू होतो, पण अपाचे सुरू होत नाही. 'सुडो सिस्टमसीटीएल स्टार्ट अपाचे२' अशी आज्ञा हाताने दिली की मात्र लगेच चालू होते. एका परिचितांच्या सल्ल्याने सर्व्हिसच्या (म्हणजे मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामच्या, इथे अपाचेच्या) आधी ३० सेकंद थांबण्याची ओळ घातली, पण त्याचा उपयोग कधी होतो, कधी होत नाही. बूटची नोंद सोबत पाठवत आहे. अपाचे काढून पुन्हा बसवावे काय?
– एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : पुन्हा बसवू नये. हाताने आज्ञा देताच जी सर्व्हिस विनातक्रार चालू होते, तिच्या फायली शाबूत असतात. अडचण असते ती वेळेची. आपण टर्मिनलपाशी येऊन बसता तोवर डिस्क जोडल्या गेलेल्या असतात आणि नेटवर्कही आलेले असते, पण बूट होत असताना यांपैकी काय तयार असेल याचा भरवसा नसतो. अशा वेळी अंदाजाने काही बदलण्याआधी नोंद वाचावी, आणि आपण ती पाठवलीत हे फार चांगले केलेत. इतर वाचकांसाठी सांगतो : 'सुडो जर्नलसीटीएल -बी -यू अपाचे२' या आज्ञेतील 'बी' म्हणजे फक्त चालू बूटच्या आणि 'यू' म्हणजे फक्त या एका युनिटच्या, म्हणजे इथे या एका सर्व्हिसच्या, नोंदी. संगणक मध्येच पुन्हा सुरू केला असेल, तर 'बी'पुढे '-१' लिहून मागच्या बूटच्या नोंदी पाहता येतात.

आपल्या नोंदीत एकच ओळ महत्त्वाची आहे. १९२.१६८.१.१० या पत्त्यावरील ८० क्रमांकाचे पोर्ट (संगणकात शिरण्याचे क्रमांकित दार) घेता आले नाही, असे अपाचे म्हणते आणि त्रुटीचा क्रमांक ९९ देते. याचा अर्थ त्या क्षणी संगणकाजवळ तो पत्ताच नव्हता. आपण अपाचेच्या 'लिसन' ओळीत हा पत्ता नेमून दिलेला आहे, पण तो संगणकाला राउटरकडून मिळतो. आणि वीज आल्यावर राउटर व संगणक एकाच वेळी सुरू होतात. संगणकाची तयारी लवकर होते आणि राउटर मागे राहतो. ३० सेकंदांची ओळ कधी चालते आणि कधी चालत नाही, त्याचे कारण हेच : राउटर २५ सेकंदांत आला तर जमते, ५० सेकंद लागले तर नाही. अशी ओळ मला मान्य नाही, कारण ती आपण कशाची वाट पाहतो आहोत हे सिस्टमडीला (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या लिनक्समधील प्रोग्रामला) सांगतच नाही.

आपण विचाराल की अपाचेच्या युनिट फाइलमध्ये (सर्व्हिस कधी आणि कशी सुरू करावी हे सिस्टमडीला सांगणाऱ्या फाइलमध्ये) 'आफ्टर' या शब्दापुढे 'नेटवर्क डॉट टार्गेट' लिहिलेले असताना असे का व्हावे. या नावाने पुष्कळांची फसगत होते. नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम सुरू झाला, एवढेच त्यातून कळते. पत्ता मिळाला की नाही, हे कळत नाही. त्याचा खरा उपयोग संगणक बंद होताना होतो, कारण नेटवर्क जाण्याआधी सर्व्हिस नीट थांबवली जाते. पत्ता मिळेपर्यंत थांबायचे असेल तर 'नेटवर्क-ऑनलाइन डॉट टार्गेट' लागते, आणि ते 'वॉन्ट्स' व 'आफ्टर' अशा दोन्ही ओळींत लिहावे लागते, कारण 'आफ्टर' केवळ क्रम ठरवते, कोणाला बोलावून आणत नाही. मात्र तेथेही वाट पाहण्याला मुदत असते, आणि ती संपली की बूट पुढे सरकते. त्यामुळे राउटर फारच सुस्त असेल तर आपले दुखणे तसेच राहील.

आपल्यासाठी खरा उपाय याहून सोपा आहे. 'लिसन' ओळीतून पत्ता काढून फक्त ८० ठेवावे. मग अपाचे सर्व पत्त्यांसाठी पोर्ट उघडून बसते आणि पत्ता मागाहून आला तरी त्याचे अडत नाही. संगणकाला एकच नेटवर्क जोडलेले असल्यास यात धोका वाढत नाही. दुसरे जोडलेले असल्यास त्या बाजूला फायरवॉल लावावी.

जोडीला 'सुडो सिस्टमसीटीएल एडिट अपाचे२' ही आज्ञा देऊन ३० सेकंदांची ओळ काढून टाकावी आणि 'सर्व्हिस' विभागात 'रीस्टार्ट' पुढे 'ऑन-फेल्युअर' व 'रीस्टार्टसेक' पुढे १० लिहावे. दुसरी ओळ विसरू नये. ती नसेल तर सिस्टमडी दर १०० मिलिसेकंदांनी प्रयत्न करते आणि १० सेकंदांत ५ प्रयत्न फसले की नाद सोडून देते. म्हणजे राउटरचे दिवे लागण्याआधीच सगळे प्रयत्न संपलेले असतात.

प्रश्न : मी विंडोजवर लिहिलेली पायथनची फाइल उबुंटूवर नेऊन तिची सर्व्हिस केली. 'पायथन३' लिहून चालवली तर चालते. सर्व्हिस मात्र २०३ हा क्रमांक दाखवून 'अशी फाइल नाही' म्हणते. फाइल तर समोर दिसते आहे.
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : जी फाइल सापडत नाही ती आपली नव्हे, तर आपल्या फाइलच्या पहिल्या ओळीत जिचे नाव आहे ती. विंडोजमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य खूण असते, आणि लिनक्स ती खूण पायथनच्या नावाचाच भाग समजून त्या विचित्र नावाचा प्रोग्राम शोधू लागते. हाताने 'पायथन३' लिहिल्यावर पहिली ओळ वापरलीच जात नाही, म्हणून तेव्हा दोष दिसत नाही. 'कॅट -ए' (हा 'ए' मोठ्या लिपीतला) या आज्ञेने फाइल पाहावी : ओळीच्या टोकाला टोपी, एम आणि डॉलर दिसले तर निदान पक्के. 'डॉसटूयुनिक्स'ने फाइल साफ करावी, किंवा 'एक्झेकस्टार्ट' ओळीत आधी पायथन३चा आणि नंतर फाइलचा असे दोन्ही पूर्ण मार्ग लिहावेत. हाच २०३ क्रमांक 'परवानगी नाही' या शब्दांसह आला असता, तर फाइलला चालवण्याची परवानगी दिली आहे का, हे आधी पाहिले असते.

प्रश्न : सर्व्हिस दिवसभर उत्तम चालते, पण दुसऱ्या दिवशी बंद आढळते आणि जर्नलमध्ये एकही त्रुटी नसते.
– एक वाचक, पणजी

उत्तर : रात्री संगणक बंद होत असेल, तर 'सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड' विचारून पाहावे, उत्तर बहुधा 'डिसेबल्ड' येईल. 'स्टार्ट' केवळ आत्तापुरते असते, बूटच्या वेळी चालू होण्यासाठी 'एनेबल' करावे लागते. युनिट फाइल आपण स्वतः लिहिलेली असेल, तर तिच्या 'इन्स्टॉल' विभागात 'वॉन्टेडबाय' पुढे 'मल्टी-यूजर डॉट टार्गेट' आहे ना, याची आधी खात्री करावी.