डबल मार्करचा ‘धोका जास्त’ आला, पुढे काय?

प्रश्न : माझे वय 36 असून पंधरावा आठवडा चालू आहे. डबल मार्कर या रक्ततपासणीच्या अहवालावर डाउन सिंड्रोमचा ‘धोका जास्त, 1:180’ असे लाल अक्षरांत छापून आले आहे. डॉक्टरांनी गर्भजल तपासणी सुचवली आहे, पण पोटात सुई घालणे सासूबाईंना मान्य नाही. काय करावे?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, त्या लाल अक्षरांनी तुमची झोप उडाली असणार, म्हणून आधी आकडा नीट वाचू. असा अहवाल आलेल्या 180 गर्भवतींपैकी साधारण एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम (एक गुणसूत्र जास्त असल्याने होणारा जन्मजात विकार) असतो, 179 जणींच्या बाळांना नसतो. डबल मार्कर ही चाळणी आहे, निदान नव्हे; आणि निरोगी बाळाच्या आईलाही काही आठवडे धास्तीत काढावे लागतात, हा या तपासण्यांचा मला सर्वांत जास्त खुपणारा तोटा आहे.

गर्भजल तपासणीत सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळ कुठे आहे ते पाहत, बारीक सुईने 15 ते 20 मिलिलिटर पाणी काढतात. अनुभवी हातांत गर्भपाताचा धोका एक टक्क्याहून कमी असला तरी तो शून्य नाही, तेव्हा सासूबाईंची भीती अनाठायी नाही. आईच्या रक्तातून बाळाच्या डीएनएची तपासणीही होते; ती डबल मार्करहून अचूक, पण महाग, आणि तीही चाळणीच.

निदान आधी कळण्याचा फायदा केवळ गर्भपाताच्या निर्णयापुरता नाही. डाउन सिंड्रोमसोबत हृदयाचाही दोष असू शकतो. अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत हृदयाचा गंभीर दोष दिसला, तर नवजात बाळाची शस्त्रक्रिया होते अशा ठिकाणी, मुंबई-पुण्याला, बाळंतपण ठरवता येते.

मात्र गुणसूत्रांच्या पूर्ण अहवालाला दोन-तीन आठवडे लागतात. गर्भपाताच्या कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीनंतर गर्भपातासाठी विसाव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरते, चोविसाव्यापर्यंत ठरावीक कारणांसाठी दोघांचे लागते आणि त्यापुढे गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. म्हणून डाउन सिंड्रोम निघालाच तर काय करायचे, हे तुम्ही दोघांनी याच आठवड्यात बोलून घ्या. बाळ कसेही असले तरी वाढवायचेच असे ठरले, तर सुईला नकार देण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

डॉक्टरांकडे सासूबाईंनाही न्या, आणि पहिल्या सोनोग्राफीचा अहवाल विसरू नका. आठवड्यांची मोजणी चुकली असेल, तर 1:180 हा आकडाच बदलतो.