सायक्लोस्पोरिनचे धागे ओढण्याआधी

अरे, इलेक्ट्रोस्पिनिंगने, म्हणजे सुईतल्या द्रावणाला मोठं व्होल्टेज लावून, सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) हळूहळू सोडणारे बारीक धागे ओढायचेत ना, मग औषध नंतर घाल. आधी नुसत्या पॉलिलॅक्टिक ॲसिडचे (शरीरात हळूहळू विघटणारं प्लास्टिक) धागे सलग निघू देत. नागपूरच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी, की ते ज्यात विरघळवतो तो क्लोरोफॉर्म सुईच्या टोकावरच उडतो आणि थेंब सुकून बोंडासारखा बसतो. दर थोड्या वेळाने व्होल्टेज बंद करून पुसत बसायचो मी. पावसाळ्यात उलट, दमट हवेने धाग्यांवर छिद्रं पडतात. रोजची आर्द्रता वहीत लिहीच.

खरी फसगत पुढे आहे. सायक्लोस्पोरिन पाण्यात जेमतेम विरघळतं. औषध किती सुटतं ते बघायला थोड्याशा बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) धाग्यांचा तुकडा ठेवलास तर द्रावण संपृक्त होतं, त्यात आणखी औषध मावतच नाही, आणि आपल्याला वाटतं, धागा औषध हळूहळू सोडतोय! महिनाभर त्याच आनंदात होतो बाप्पा. बफर भरपूर घे, वेळोवेळी बदल. पहिल्या दिवशी तासातासाला नमुने काढ. पृष्ठभागावरचं औषध तेव्हाच भसकन सुटतं.