मिठाची खोली, मिठाचा दिवा, मिठाचं पाणी: वाचकांचे प्रश्न

बेळगावात मिठाच्या खोलीत पाऊण तास बसवतात. त्याने जुनी सर्दी जाते का? नेमकं काय करतात तिथे? (टिळकवाडी)

भिंतीवरच्या गुलाबी विटांना भुलू नका. त्या शोभेच्या, त्यांतून हवेत काही येत नाही. खरं काम हॅलोजनरेटर नावाच्या यंत्राचं. त्यात कोरडं शुद्ध मीठ दळून १ ते ५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धूळ करतात आणि ती पंख्याने खोलीत सोडतात. याहून जाड कण नाका-घशातच अडकतात. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: यंत्र आहे का, आणि खोलीतली आर्द्रता मोजता का?

दुसरा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ पाणी धरतं. जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूरची हवा सहज त्यापलीकडे असते. बरणीतलं मीठ पाझरतं, तसेच यंत्रातल्या मिठाचे गोळे होतात, दळायचं जातं तुंबतं आणि कण फुगून जड होतात. हवा कोरडी करणारं यंत्र नसेल तर पावसाळ्यात तुम्ही फक्त गार खोलीत बसून येता.

या कल्पनेचं मूळ पोलंडमधल्या विएलिच्का इथल्या मिठाच्या खाणीत आहे. तिथे फेलिक्स बोचकोव्स्की या डॉक्टरांनी १८३९ साली मिठाच्या पाण्याचे उपचार सुरू केले. आजही जमिनीखाली १३५ मीटरवर श्वासाचे व्यायाम करवतात. पण तिथल्या हवेत धूर नाही, परागकण नाहीत. त्यामुळे आराम मिठाने पडतो की स्वच्छ हवेने, हे वेगळं काढणं अवघड. मीठ कफात पाणी ओढतं, कफ पातळ होतो, नाक मोकळं वाटतं, इतपत खरं. सर्दी कायमची जाते म्हणणाऱ्याकडे दहा बैठकांचं पॅकेज तयार असतं.

आईला दमा आहे. मिठाचा उपचार सुरू केला तर पंप बंद करता येईल का? (चिकोडी)

नाही. दम्याच्या श्वासनलिका किती चिडक्या आहेत हे तपासायला डॉक्टर ४.५ टक्के मिठाच्या पाण्याचे बारीक तुषार मुद्दाम श्वासातून देतात, कारण त्यांनी नळ्या आवळतात. खोलीतल्या धुळीनेही तसं होऊ शकतं. दमा आटोक्यात असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तरच न्या; तातडीचा पंप आईंच्या हातात असू द्या आणि छाती आवळल्यासारखी वाटली की लगेच बाहेर काढा. ताप, टीबी, थुंकीतून रक्त किंवा हृदय कमजोर असेल तर नकोच. ब्लडप्रेशरची भीती मात्र थोडी जास्तच पसरली आहे: श्वासातून जाणारं मीठ काही मिलिग्रॅम, लोणच्याच्या एका फोडीत त्याहून जास्त.

मिठाचा दिवा आणला, पावसात त्याला घाम येतो. खराब निघाला का? (निपाणी)

दिवा ठीक आहे, हवा ओली आहे. खाली बशी ठेवा; पाणी होल्डरपर्यंत उतरत असेल तर प्लग काढा, खडा पुसून कोरडा करा. खारं पाणी वायरीत गेलं तर शॉक बसतो. दिव्यातलं मीठ हवेत मिसळून ती शुद्ध होते म्हणाल तर, मीठ ८०१ अंश सेल्सियसला वितळतं. १५ वॅटच्या बल्बने त्याची वाफ कुठली होणार! उजेड मात्र छान पडतो.

जलनेती करताना नाकात झणझणतं. सैंधवच घ्यायचं का? (खानापूर)

सैंधव की साधं, याने फरक पडत नाही, प्रमाणाने पडतो. लिटरला ९ ग्रॅम मीठ हवं. कमी झालं तरी झोंबतं, जास्त झालं तरी. चमच्याचा भरवसा नको, कारण बारीक आणि जाड मिठाचा चमचा सारख्या वजनाचा नसतो. घरच्या काट्यावर ४५ ग्रॅम बारीक मीठ तोला, त्याच्या दहा सारख्या पुड्या बांधा. एक पुडी, अर्धा लिटर पाणी. तरी झोंबलं तर चिमूटभर खायचा सोडा घाला. गोव्याच्या मिठागराचं खडे मीठ नाकासाठी नको. त्यात माती असते.

पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळा, मग कोमट होऊ द्या. बोअर, विहीर, नळ, कुठलंही कच्चं पाणी नाकात घालू नका. क्वचित त्यातला अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत जातो आणि तो आजार बहुधा जीवच घेतो.

बेसिनवर वाका, मान तिरपी करा, तोंडाने श्वास घ्या, वरच्या नाकपुडीत नेतीच्या भांड्याची तोटी लावा. निम्मं पाणी एकीकडून, निम्मं दुसरीकडून. शेवटी दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकेच शिंकरा. एक दाबून जोरात शिंकरलं की पाणी कानात चढतं; कान दुखल्याच्या तक्रारी इथूनही येतात. कान दुखत असेल किंवा नाक पूर्ण बंद असेल तर त्या दिवशी करू नका. भांडं धुऊन उपडं वाळवा.

फाउंड्रीत वाळूचं काम करतो, खोकला आहे. मिठाने छाती साफ होईल? (उद्यमबाग)

नाही. वाळूतल्या सिलिकाची धूळ फुप्फुसाच्या अगदी टोकाला रुतते आणि तिथे व्रण धरतात. मीठ ते काढत नाही. छातीचा एक्स-रे आणि फुंकून करायची स्पायरोमेट्री करून घ्या. ईएसआय कार्ड असेल तर ते घेऊन जा आणि डॉक्टरांना किती वर्षं, कुठलं काम, ते स्पष्ट सांगा. नुसतं ‘खोकला’ म्हटलं तर सिरपची बाटली मिळते. कामावर रुमालाऐवजी नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा, आणि साचे फोडून झाल्यावर कोरडा झाडू मारू नका. पाणी शिंपडून मगच लोटा.