घरच्यांना ऑपरेशनचं कसं सांगू?

(वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या आयुष्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं या वेळी घेतली आहेत. उत्तरं देणाऱ्या ताई आहारतज्ज्ञ आहेत. त्यांची स्वतःचीही ही शस्त्रक्रिया झालेली आहे.)

प्रश्न : ताई, मी ३६ वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहते, बँकेत नोकरी करते. पाच महिन्यांपूर्वी पुण्यात माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली. वजन ११२ किलो होतं, आता ८६ आहे. गुडघे दुखायचे थांबले, बीपीची गोळी डॉक्टरांनी बंद केली. पण ऑपरेशनचं फक्त मिस्टरांना माहीत आहे. सासूबाईंना आणि माहेरी आम्ही ‘हर्नियाचं ऑपरेशन’ असं सांगितलंय. सासूबाईंना वाटतं मला काहीतरी मोठा आजार झालाय. दर शनिवारी मीठ-मोहऱ्या ओवाळून त्या माझी दृष्ट काढतात. तेव्हा मला रडू आवरत नाही. गेल्या महिन्यात नणंदेच्या मुलीच्या लग्नात पंगतीत आग्रहाने जिलबी आणि मसालेभात वाढला, वर मठ्ठा. नाही म्हणता आलं नाही. हात धुवायच्या बेसिनपाशी उलटी झाली आणि बायका ‘गोड बातमी’ म्हणून कुजबुजायला लागल्या. एरवीही आठवड्यातून दोन-तीनदा उलटी होतेच. केस मूठमूठ गळतात. आता नवरात्र आलंय, आमच्याकडे घट बसतात आणि सुना नऊ दिवस उपवास करतात. काय करू?

उत्तर : आधी उलटीचं. बाकी सगळं त्यानंतर.

पाच महिन्यांनी आठवड्यातून दोन-तीनदा उलटी होणं ‘चालायचंच’ म्हणून सोडून देऊ नका. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. उरते ती केळ्यासारखी एक अरुंद नळी. भराभर गिळलं, नीट चावलं नाही, जेवताना पाणी किंवा मठ्ठा घेतला, कोरडी पोळी किंवा मोकळा भात घशाखाली ढकलला, की ते अडकतं आणि वर येतं. पण कधीकधी ती नळीच एखाद्या जागी आवळलेली असते. ते तपासल्याशिवाय कळत नाही. तेव्हा पत्राचं उत्तर वाचून झालं की तुमच्या सर्जनना फोन करा आणि जे मला लिहिलंत तेच त्यांना सांगा.

याची घाई एवढ्यासाठी की सारख्या उलट्या होत राहिल्या तर शरीरातलं ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपतं. त्याचा साठा मुळातच दोन-तीन आठवड्यांपुरता असतो. ते फार कमी झालं तर मेंदूवर परिणाम होतो. एकाचं दोन दिसायला लागलं, चालताना तोल गेला, बोलण्यात गोंधळ व्हायला लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि इथे तुमच्या ‘हर्निया’ची मला खरी भीती वाटते. समजा, एखाद्या रात्री फार उलट्या झाल्या आणि मिस्टर घरी नाहीत. सासूबाई तुम्हाला गावातल्या डॉक्टरांकडे नेतील आणि ‘हर्नियाचं ऑपरेशन झालंय’ असं सांगतील. ते चांगल्या हेतूने ग्लुकोजची सलाईन लावतील. थायमिन कमी असलेल्या माणसाला आधी थायमिन द्यावं लागतं, नुसतं ग्लुकोज दिलं तर प्रकृती आणखी बिघडू शकते. त्या डॉक्टरांना हे ठाऊक असेलही, पण तुमची स्लीव्ह झाली आहे हेच त्यांना ठाऊक नसेल. अंग दुखतं म्हणून दिलेल्या डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनचंही तसंच, त्याने जठरात व्रण होऊ शकतो. एका कागदावर ऑपरेशनचं नाव, तारीख आणि सर्जनचा नंबर लिहा. एक प्रत पर्समध्ये ठेवा, एक फ्रीजवर चिकटवा.

फ्रीजवर चिकटवायची म्हणजे घरात सांगायलाच हवं. सांगाच.

मी हे अधिकाराने लिहिते आहे, कारण मी स्वतः आठ महिने लपवलं होतं. माझं वजन तेव्हा ११८ किलो होतं आणि मी आहारतज्ज्ञ होते. जी बाई लोकांना जेवणाचे तक्ते लिहून देते तिलाच ऑपरेशन करावं लागलं, हे माझ्या तोंडून निघत नव्हतं. आईला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तिचे हात थांबले. तिने एवढंच विचारलं, “दुखलं का गं फार?” दुसऱ्या दिवशी जेवायला बसले तर माझ्या ताटात चांदीची एक छोटी वाटी होती, माझ्या उष्टावणाची. कपाटातून काढून चिंचेने घासून ठेवली होती. त्यात दोन चमचे घट्ट वरण. “एवढं पुरे ना?” म्हणाली. त्या वाटीत मी पुढचं वर्षभर जेवले.

तुमच्या सासूबाई दर शनिवारी दृष्ट काढतात, म्हणजे त्या घाबरलेल्या आहेत. रागावण्याच्या फार आधी त्यांना हायसं वाटेल. मिस्टरांना शेजारी बसवा आणि असं काहीसं म्हणा : “आई, मला आजार नाही. माझं वजन वाढत चाललं होतं, बीपी होतं, म्हणून डॉक्टरांनी पोट लहान करायचं ऑपरेशन केलं. तुम्ही काळजी कराल म्हणून खोटं बोलले, ते चुकलं माझं. आता मला थोडं-थोडं आणि सावकाश खावं लागेल, आयुष्यभर. त्यात मला तुमची मदत लागेल.” शेवटचं वाक्य गाळू नका. ज्या बाईच्या हातात स्वयंपाकघर आहे तिला काम द्या. मुगाचं धिरडं त्यांच्यासारखं तुम्हाला येत नसेल.

बाहेरच्यांना सगळं सांगायची गरज नाही. “माझं पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी एवढंच सांगितलंय” हे पूर्ण खरं वाक्य आहे आणि पंगतीत तेवढं बास होतं. वाढायला येतील त्याआधीच पानावर आडवा हात धरा. पानात टाकायचं नाही हा आपल्यावरचा संस्कार आहे, म्हणून वाढून घेऊन टाकण्यापेक्षा वाढूनच घेऊ नका.

कोणी ‘शॉर्टकट’ म्हणेल. तो शब्द मनाला लावून घेऊ नका. वजन खूप वाढलेल्या माणसाने उपाशी राहून ते उतरवलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जा कमी जाळायला लागतं. इच्छाशक्ती रोज त्या भुकेशी झगडत राहते. जठराचा जो वरचा भाग तुमचा काढला आहे, तिथे ग्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं. म्हणून सध्या भूक कमी लागते. पुढे ती थोडीफार परत येते. तोवर खाण्याची नवी घडी बसवायला मिळालेला हा वेळ आहे.

आता केस. ऑपरेशनचा ताण आणि झपाट्याने उतरणारं वजन यामुळे तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. मुळं शाबूत असतात, बहुतेकींचे केस पुढच्या सहा-आठ महिन्यांत परत येतात. प्रथिनं, लोह, झिंक कमी पडलं तर मात्र गळणं लांबतं. तुम्ही पत्राबरोबर दिवसाचं खाणं लिहून पाठवलंत ते बरं केलंत : दोनदा चहा-बिस्किट, दुपारी अर्धी पोळी-भाजी, रात्री पातळ वरण आणि चार चमचे भात. यात प्रथिनं १५ ग्रॅमसुद्धा नाहीत. तुम्हाला रोज निदान ६० ग्रॅम हवीत. सकाळी एक उकडलेलं अंडं, अकराच्या सुमाराला पेलाभर दुधात सर्जननी सांगितलेली प्रोटीन पावडर, दुपारी ५० ग्रॅम मऊ पनीर, संध्याकाळी वाटीभर चक्का साखर न घालता, रात्री एक मुगाचं धिरडं. एवढ्यात हिशेब साठच्या आसपास जातो. ताटात आधी प्रथिनं, मग भाजी, पोळी-भात पोटात जागा उरली तर. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने, दिवसभर घोट-घोट करून दीड-दोन लिटर.

गोळ्यांबद्दल माझी एक चूक सांगते. दुसऱ्या वर्षी सगळं छान चाललं होतं म्हणून मी जीवनसत्त्वांच्या गोळ्या बंद केल्या. काही महिन्यांनी तळव्यांना मुंग्या यायला लागल्या. एकदा बाजारात चप्पल पायातून निसटली ती चार पावलं गेल्यावर कळली. बी-१२ तळाला गेलं होतं. इंजेक्शनं घेऊन भरून निघालं, पण एका पायाच्या बोटांत अजून बधिरपणा आहे. या गोळ्या कायमच्या आहेत. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळीत दोन तासांचं अंतर ठेवा आणि लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नका. सहाव्या महिन्याची रक्ततपासणी जवळ आली आहे, ती चुकवू नका. पुढे निदान वर्षातून एकदा.

राहिलं नवरात्र. यंदा उपवास नको. साबुदाण्यात जवळजवळ नुसता स्टार्च असतो, प्रथिनं नाहीतच म्हटलं तरी चालेल. वर तो चिकट, तुमच्या पोटात गोळा होऊन बसेल. घटाला रोज माळ चढवा, आरती करा, धान्याला पाणी घाला. आजारी माणसाला आणि बाळंतिणीला आपल्याकडे उपवास माफच असतो, सासूबाईंना हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. अगदीच मन मानत नसेल तर पहिल्या आणि शेवटच्या दिवशी उपवासाच्याच पदार्थांतून दूध, ताजं पनीर, चक्का, थोडी दाण्याची आमटी घ्या. प्रोटीन पावडर आणि गोळ्या त्या दिवशीही चालू.

तुमच्या पत्रात मागच्या पानावर एक ओळ खोडलेली होती, मी ती वाचली : “संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर काय करायचं तेच कळत नाही.” पूर्वी त्या वेळी तुम्ही खात होतात. मीही खायचे. ती जागा रिकामी राहिली की माणसाला खरोखर दुःख होतं, एखादी मैत्रीण गाव सोडून गेल्यासारखं. त्या तासाला घराबाहेर पडा, कोणाला तरी बरोबर घ्या. तीन महिन्यांनीही मन लागलं नाही तर समुपदेशकाकडे जा, त्यात कमीपणा नाही. आणि मला परत लिहा, न खोडता.

प्रश्न : वय ४४, डोंबिवली. गॅस्ट्रिक बायपास होऊन एक वर्ष झालं. पाडव्याला चार चमचे श्रीखंड खाल्लं, पंधरा-वीस मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात कळ. हार्ट अटॅक आला असं वाटून घरचे घाबरले. इसीजी नॉर्मल आला. हे काय होतं?

उत्तर : इसीजी काढलात हे योग्य केलंत. वर्णनावरून हे ‘डंपिंग’ वाटतं. बायपासमध्ये जठराची अगदी छोटी पिशवी ठेवून ती पुढच्या आतड्याला जोडतात, त्यामुळे साखर एकदम आतड्यात उतरते, तिकडे पाणी ओढलं जातं आणि शरीराची अशी धावपळ होते. काहींना दीड-दोन तासांनी साखर उतरून चक्करही येते. श्रीखंड, उसाचा रस, बासुंदी, सरबतं बंद. दारूबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते : बायपासनंतर ती फार पटकन चढते आणि जेवणाची जागा दारूने घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. तिच्यापासून लांब राहा.

प्रश्न : माझ्या मुलीचं (वय २७) सात महिन्यांपूर्वी स्लीव्हचं ऑपरेशन झालं. आता स्थळं येऊ लागली आहेत. मुलाकडच्यांना सांगावं का? हिची आई नको म्हणते.

उत्तर : दादा, हे ठरवायचं तुमच्या मुलीने. माझं मत विचाराल तर मुलाला सांगावं, बोलणी पक्की व्हायच्या आत, आणि तिने स्वतः सांगावं. वरच्या पत्रातल्या ताई पाच महिन्यांत किती थकल्या ते तुम्ही वाचलंच. न सांगता लग्न केलं तर तुमच्या मुलीला ते जन्मभर लपवावं लागेल.

दुसरंही कारण आहे. ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने दिवस राहू देऊ नयेत असं डॉक्टर सांगतात, वजन उतरत असताना बाळाला पोषण कमी पडतं. आणि पीसीओडी असलेल्या मुलींची पाळी वजन उतरल्यावर बहुतेकदा नियमित होते, दिवस राहण्याची शक्यता वाढते. म्हणजे लग्नानंतरचे पहिले काही महिने दोघांनी मिळून काळजी घ्यायची आहे आणि अर्धी गोष्ट ठाऊक असलेला नवरा ती कशी घेणार? लग्न ठरलं की दोघांनी एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन यावं, आणि मूल होऊ द्यायचं ठरवण्याआधी तिचं लोह, बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं. पुढे गरोदरपणात साखरेचं पाणी पाजून मधुमेहाची तपासणी करतात, तेव्हाही ऑपरेशन झाल्याचं तिने आठवणीने सांगावं. तिला डंपिंग होत असेल तर ती तपासणी दुसऱ्या पद्धतीने करता येते.